खळ्यावरचं नाटक

किस्से सांगणं हा माझा धंदा नाही. माझा धंदा होड्या बांधण्याचा. पण नाटकवाल्यांच्या संगतीत चार महिने काढले आणि बघतो तर किस्से साचलेले. खाडीत गाळ साचतो तसे. कुणी आणून टाकत नाही, भरती येते आणि जाते, गाळ राहतो. आता संध्याकाळी चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "काका, ते मेकअपवाल्याचं सांगा." एकच गोष्ट दहादा सांगायचा मला कंटाळा येतो. म्हणून लिहून टाकतो. शिक्षण चौथीपर्यंत झालं आहे. तेवढ्यात जे मावेल ते.

* * *

मी ठाण्याच्या कोपरीचा कोळी. सुजाताबाई डोंबिवलीच्या. कॉलेजात शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी नाटक बसवतात. कुणीतरी त्यांना सांगितलं की हाताने होडी बांधणारा एक म्हातारा अजून आहे, म्हणून त्या माझ्या दारात आल्या.

ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांपैकी एका बाईने लिहिलेलं नाटक त्यांनी मराठीत आणलं होतं. नदीकाठचं एक कुटुंब. एक दिवस मोजणीदार येतो आणि नकाशा काढतो. मग कुंपण येतं. मग सरकारी माणसं पोरांना उचलून लांबच्या शाळेत नेतात, ती आपली भाषा विसरावीत म्हणून. लिहिणाऱ्या बाईच्या आजीची ही गोष्ट.

सुजाताबाईंनी त्या मूळ लोकांच्या होडीचा फोटो दाखवला. झाडाच्या अंगावरून एकच लांब साल सोललेलं, दोन्ही टोकं बांधलेली.

मी म्हणालो, "ही होडी नाही. हे साल आहे."

त्या म्हणाल्या, "साल काढलं तरी झाड जगतं, काका. फक्त व्रण राहतो. माणसं गेली, होड्या गेल्या, पण काही झाडांवर तो व्रण अजून दिसतो. इथे कोण राहत होतं त्याचा तोच पुरावा."

मी फोटो परत दिला. म्हणालो, "नशीबवान आहेत. त्यांचं झाड तरी उभं आहे."

होडी बांधून द्यायचं कबूल केलं.

* * *

लेखिकाबाईने परवानगीच्या पत्रात तीन अटी घातल्या होत्या. नटांच्या तोंडाला काळा रंग लावायचा नाही, ही पहिली. नाटकातली आजी तिच्या भाषेत जे बोलते, ते तुमच्या पाण्याकाठच्या जुन्या बोलीत बोलायचं, ही दुसरी. तिसरी अशी की ज्या जमिनीवर प्रयोग असेल तिथल्या मूळ माणसांपैकी कुणी वडीलधाऱ्याने आधी उभं राहून प्रेक्षकांना 'या' म्हणायचं. त्यांच्याकडे ही रीत आहे. 'या' म्हणणारं कुणी नसेल तर प्रयोग करायचा नाही.

आता पहिल्या प्रयोगाला सभागृह मिळालं होतं ते कोपरीच्या टोकाचं. ते उभं आहे तिथे माझ्या आईचं खळं होतं. खळं म्हणजे मासळी सुकवायची सारवलेली जमीन. आई तिथे जवळा पसरायची. कुणी पायात काही घालून जवळ आलं की तिचा आवाज यायचा, "चपला कारा! आमचा खला हाय!" मोठा साहेब असो की जावई, चपला काढल्याशिवाय खळ्यावर पाय नाही. पुढे त्या जमिनीवर भराव पडला. मग इमारत आली. तिच्या पायरीला माझा पाय कधी लागलेला नाही. सख्ख्या पुतण्याचं लग्न त्या सभागृहात लागलं, तेव्हाही मी घरी बसलो.

सुजाताबाईंना हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे काका, 'या' तुम्हीच म्हणायचं!"

मी म्हणालो, "नाही."

"पण तारीख घेतली आहे. तुम्ही नाही म्हणालात तर प्रयोगच होणार नाही."

"होडी वेळेवर मिळेल," मी म्हणालो.

* * *

आता मेकअपवाल्याचं. सावंत त्याचं नाव. तीस वर्षं त्याने राजे रंगवले, राक्षस रंगवले. पहिली अट ऐकून तो भडकलाच. रंग लावला नाही तर हे आदिवासी आहेत हे लोकांना कळणार कसं, असं त्याचं म्हणणं. सुजाताबाईंनी समजावलं, पत्र दाखवलं. तो ऐकेना. निदान हलका हात तरी फिरवू द्या म्हणाला. पेटी उघडून डब्या काढल्या आणि नमुना शोधायला लागला. खोलीत सगळे डोंबिवलीचे, गोरे. मग त्याला मी दिसलो. मी कोपऱ्यात होडीच्या फळीला रंधा मारत होतो. तो आला आणि माझ्या दंडाशेजारी एकेक डबी धरून बघायला लागला. ही जास्त, ही कमी.

मी रंधा थांबवला. दंड तसाच राहू दिला. तिसरी डबी झाल्यावर विचारलं, "झाली का मोजणी?"

त्याने पेटी बंद केली. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी चहा घेऊन आला.

* * *

दुसरी अट बोलीची. आजीचं काम माझ्या नातीकडे आलं, रुपालीकडे. सुजाताबाईंना वाटलं, कोळ्याची पोर म्हणजे बोली येतच असेल. तिला काडीची येत नव्हती, कारण मीच ती घरात बंद केली होती.

मी चौथीत असताना मास्तरांनी विचारलं होतं, तुझा बाप काय करतो. मी म्हणालो, बाप होरी बांधतं. वर्ग हसला. मास्तरांनी दहा वेळा 'होडी' म्हणायला लावलं, अकराव्या वेळी मला हसू आलं म्हणून बाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. होडी म्हणायला मात्र शिकलो. माझ्या घरात पुन्हा कुणी होरी म्हणालं नाही.

आता तीच बोली तालमीत बसून मला शिकवावी लागली. मासळीला मावरा म्हण. मला नाही, मना. पोर हुशार, पटापट उचलायची. अनिकेत म्हणून बँकेत काम करणारा मुलगा म्हाताऱ्याचं काम करत होता, तोही शिकायला बसायचा. त्याच्या तोंडून मावरा असा निघायचा की जणू संध्या करतोय.

एक दिवस मी रुपालीला वाक्य सांगत होतो. सांगताना सवयीने होडी म्हणून गेलो. ती थांबली. हाताची घडी घालून म्हणाली, "आजोबा, होरी म्हणा. दहा वेळा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो. मोजून दहा वेळा. वर अकराव्यांदा म्हणालो तेव्हा ती हसली. मी तिला बाहेर उभं केलं नाही.

* * *

मोजणीदाराचा प्रवेश बसत नव्हता. त्यात म्हातारा मोजणीदाराला नदीकाठची वाट दाखवतो. अनिकेत मान खाली घालून चालायचा, मधेच डोळे पुसायचा. मी पाठीमागे खिळे ठोकत होतो. शेवटी हातोडी खाली ठेवली.

"हा रडतोय कशाला?"

"काका, त्याची जमीन जाणार आहे ना," अनिकेत म्हणाला.

"ते तुला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?"

मग सांगावं लागलं. आमच्याकडे मोजणीला माणसं आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्यांच्याकडे लोखंडी साखळी होती. तिचं एक टोक धरणारा शिपाई त्या दिवशी आला नव्हता. ते टोक माझ्या बापाने धरलं. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणा अडला आहे म्हणून धरलं. दिवसभर चिखलातून, उन्हातून साखळी ओढत फिरला. साहेबाचा बूट रुतला तर स्वतः वाकून काढून दिला. दुपारी आईने सगळ्यांना कोलंबी-भात वाढला. जाताना साहेबाने बापाच्या पाठीवर थाप मारली. तुझ्यामुळे काम लवकर झालं म्हणाला. महिनाभर बाप सगळ्या कोपरीला तेच सांगत फिरत होता. मोठ्या आनंदात होता.

अनिकेतने प्रवेश पुन्हा केला. या वेळी तो मोजणीदाराच्या पुढे पुढे धावला, काटे बाजूला केले, हसत हसत वाट दाखवली.

सावंत दारात उभा होता. तो म्हणाला, "रडत होता तेच बरं होतं."

सुजाताबाईंनी हसणंच ठेवलं.

* * *

प्रयोगाच्या आधी डोंबिवलीच्या एका शाळेत तालीम दाखवली, ओळखीच्या माणसांना. म्हणून 'या' म्हणायचा प्रश्न आला नाही. नाटक संपल्यावर चर्चा. एक सद्गृहस्थ उठले. पांढरा सदरा, खिशाला पेन. चांगलं बोलले. त्या लोकांवर फार अन्याय झाला, ऐकून वाईट वाटलं, असं म्हणाले. शेवटी म्हणाले, "आपल्याकडे असलं काही झालं नाही, हे आपलं भाग्य."

अनिकेत बुटाकडे बघायला लागला. मी होडीचे दोर सोडत होतो. मी तसा बोलणाऱ्यातला नाही.

बोलला तो सावंत. मागून, हात पुसत. म्हणाला, "साहेब, मी या नाटकाचा मेकअपमन. एक सांगतो. मी कुणालाही रंग लावलेला नाही."

एवढंच बोलून तो पेटी आवरायला गेला. पेटी त्या दिवशी उघडलीच नव्हती.

* * *

प्रयोगाला आठ दिवस राहिले आणि मी अजून नाहीच म्हणत होतो. मंडळींनी पर्याय काढले. एकाने नगरसेवकाचं नाव सुचवलं. एक जण म्हणाला, माझे वडील चाळीस वर्षं ठाण्यात आहेत, ते चालतील का? सुजाताबाईंनी सगळं लेखिकाबाईला कळवलं. तिचं एकच उत्तर आलं. इमारतीच्या आधी तिथे कोण होतं, त्याला फोनवर आणा.

मोबाइलवर तिचं तोंड दिसलं. माझ्याच वयाची. रुंद नाक, पांढरे केस, दोऱ्याला अडकवलेला चष्मा. ती बोलायची, सुजाताबाई मराठीत सांगायच्या. तिने विचारलं, का जात नाही? मी सांगितलं, जिथे मी मालक होतो तिथे पाहुणा म्हणून जाणार नाही.

तिने मान हलवली. मग तिने तिचं सांगितलं. तिच्या आजीच्या नदीकाठावर आता गोल्फचं मैदान आहे. आत जायला सभासद व्हावं लागतं. ती दरवर्षी एकदा तिथे जाते, फाटकाशी उभी राहते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला 'या, या' म्हणते.

"ते काय म्हणतात?" मी विचारलं.

ती हसली. सुजाताबाईंनी सांगितलं, "त्यांना वाटतं, बाई इथे नोकरीला आहे. पण त्या म्हणतात, त्यांना काय वाटतं याच्याशी मला काय करायचंय? पाहुणे कोण आणि घरचं कोण, ते मला माहीत आहे."

मी फोन परत दिला आणि घरी गेलो. ट्रंकेतून बापाची लाल टोपी काढली. कसर लागली होती. रुपालीने रफू केली.

* * *

प्रयोगाचा दिवस. सुजाताबाईंनी मला तीन वाक्यं लिहून दिली होती. शुद्ध, सुबक. कागद खिशात होता. सभागृहाच्या पायरीपाशी मी पोचलो आणि माझे पाय आपोआप थांबले. चपला निघाल्या. त्या तिथेच कडेला ठेवल्या, अनवाणी आत गेलो.

पडद्यासमोर उभा राहिलो. उजेड डोळ्यांत येत होता. सभागृह भरलेलं. हात जोडले आणि म्हणालो, "या." पुढचं वाक्य बोलायला खाली बघितलं तर पहिल्या रांगेतले बूट दिसले. काळे, चकचकीत, माझ्या आईच्या जमिनीवर.

मी कागद काढलाच नाही. म्हणालो, "चपला कारा. आमचा खला हाय."

कुणाला कळलं नाही. मग मराठीत सांगितलं. इथे माझ्या आईचं खळं होतं. इथे ती जवळा पसरायची. खळ्यावर चपला घालून बसत नाहीत. तुम्ही काढा, मग नाटक सुरू होईल.

आधी काहीच झालं नाही. मग मागून कुठून तरी एक चप्पल वाजली. मग दुसरी. मग सगळीकडून खसखस सुरू झाली, पावसाची सर यावी तशी. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या बुटांना नाड्या होत्या. त्यांना वेळ लागला. मी थांबलो. सगळं सभागृह थांबलं. त्यांचा दुसरा मोजा निघाला तेव्हा मी आत गेलो. विंगेत रुपाली आजीच्या लुगड्यात उभी होती. म्हणाली, "आजोबा, हे कागदात नव्हतं." मी म्हणालो, "तुझं काम बघ."

तिने ते चोख केलं.

नाटक संपल्यावर मी बाहेर पायरीपाशी माझ्या चपला बघायला आलो. लोक निघत होते. त्यांच्या चपला हातात होत्या. साड्या नेसलेल्या बायका, बँकेतले लोक, पोरं, सगळे आपापली पादत्राणं हातात धरून अनवाणी पायऱ्या उतरत होते. खाली फरशी, पुढे गाड्या लावायची जागा, त्यापुढे रस्ता. घालायची कुठे, कुणाला कळत नव्हतं. घोटाळत उभे होते.

एक बाई माझ्यापाशी आली. चाळिशीची. हातात उंच टाचांचे सँडल. तिने अदबीने विचारलं, "काका, खळं कुठपर्यंत होतं? म्हणजे आता घालता येतील का?"

मी विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

तिने रस्त्यापलीकडच्या टॉवरकडे बोट दाखवलं. "तिथेच. अकराव्या मजल्यावर."

मी वर बघितलं. अकरावा मजला मोजला.

म्हणालो, "मग राहू द्या हातातच."