शाळेच्या तीन पायऱ्या

"जाते का पाहू!" असं म्हणून ती आधी रिकामी व्हीलचेअर दारातून आत ढकलायची आणि मग स्वतः मागून यायची. बँक, दवाखाना, लग्नाचा हॉल, आमचं घरसुद्धा. खुर्ची तिच्या मुलीची, पण जुनी. मुलगी मोठी झाली, तिला नवी आली, आणि जुनीवरून ही बाई प्रताप नगरच्या बाजारातून भाजी आणू लागली. सीटवर कोहळं, पाय ठेवायच्या पट्टीवर पालक. दारात खुर्ची अडली की मालकाला गोड आवाजात म्हणायची, "तुमचं दार बारीक हाय जी. कोहळंच अडलं, मंग माणूस कसा येईन?"

तुमच्याही वस्तीत अशी एखादी बाई असेल. तिला पाहून दुकानदार आधी हसतात, मग सुतार बोलावतात.

तिची मुलगी आणि माझा मुलगा आठवीत एकाच वर्गात. शाळेच्या दारापुढे तीन पायऱ्या. रोज सकाळी दोन शिपाई मुलीला खुर्चीसकट उचलून आत ठेवत. उचलताना ती डोळे मिटून घ्यायची. एक दिवस घरी जाऊन म्हणाली, "मी शाळेत नाही जात आता. सगळे पाहून राहतात."

आई तडक मुख्याध्यापकांकडे निघाली. मी पालक समितीची सचिव, म्हणून सोबत. माझ्या पर्समध्ये मुद्द्यांची यादी होती, क्रमांक घालून. मी चष्मा शोधेपर्यंत तिने जुनी खुर्ची केबिनमध्ये घुसवून तिच्यातच बैठक मारली होती.

"अहो, आम्ही उचलतो ना तिला!" सर म्हणाले. माणूस भला; फक्त काम पुढे ढकलण्यात हातखंडा. "दोन-दोन माणसं दिली आहेत."

"पोरगी हाय सर, गव्हाचं पोतं नाही. तिले सोताच्या चाकानं आत जायचं हाय."

"बघू. पुढच्या वर्षी सवड झाली की..."

"कायद्यात हाय जी. मी मेहेरबानी नाही मागून राहिली, हक्क मागून राहिली." आणि तिने कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा उघडला. "सांबारवडी घ्या."

सरांनी घेतली. तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर, तिसऱ्या दिवशीही. रोज तीच खुर्ची, तोच हक्क, डबा मात्र वेगळा. शेवटी सरांनी मिस्त्री बोलावला.

उताराचं माप मी झेरॉक्स काढून दिलं होतं: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ती झेरॉक्स सरांच्या टेबलाच्या काचेखाली फार शोभून दिसली. मिस्त्रीपर्यंत काही पोचली नाही. त्याने आमच्या वस्तीत घरोघरी फाटकासमोर असतो तसाच, स्कूटर चढवायचा उतार बांधून दिला. आखूड, गुळगुळीत, छातीवर येणारा.

उद्घाटनाला झेंडूचं तोरण लागलं, नारळ फुटला. मुलगी दोन वेण्या घालून नव्या खुर्चीत तयार.

"थांब वं," आई म्हणाली. "आधी रिकामी जाते का पाहू."

"रिकामी कशाला? मीच बसतो की!" सर उत्साहात जुन्या खुर्चीत बसले.

दोन्ही शिपायांनी घामाघूम होत त्यांना वर चढवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिपायांनीही वाजवल्या. त्यासाठी त्यांना खुर्ची सोडावी लागली.

सर उलटे निघाले. हातात नारळाची वाटी, प्रार्थनेच्या रांगा दोन्हीकडे पांगलेल्या. मैदान ओलांडून खुर्ची कडुनिंबाच्या आळ्यात रुतली. मग मुलीच्या तोंडून फसकन हसू फुटलं, आणि पाठोपाठ साऱ्या शाळेच्या.

"मॅडम, असल्या उतारावर आजवर कोणाची गाडी अडली नाही," मिस्त्री मला समजावून सांगत होता. खरंच होतं. हीसुद्धा अडली नव्हती.

आई धावत सरांपाशी पोचली. "लागलं तं नाही ना जी?"

"नाही." सरांनी वाटी चाचपून पाहिली. "पण मी डोळेच मिटून घेतले हो."

"पोरगी बी मिटते सर. रोज."

सर उठले, केबिनमध्ये गेले आणि काच उचलून झेरॉक्स बाहेर काढली.

पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणून नवा उतार अठरा फूट झाला. सरांची कार ठेवायची जागा त्यात गेली. कार आता कडुनिंबाखाली असते. जागा त्यांच्या ओळखीची आहे.

पहिल्या सकाळी मुलगी एकटीच निघाली. आई खाली उभी, हात पाठीमागे, एका हाताने दुसरा घट्ट धरलेला. अर्ध्यावर खुर्ची जराशी थबकली. आईचं पाऊल पुढे पडलं, आणि मागे आलं. वर पोचून मुलीने वळून पाहिलं. डोळे टक्क उघडे.

"उद्यापासून तू नको येऊ वं आई. मी जाते ना."

"बरं," ती म्हणाली, आणि खरंच यायची थांबली. सर अधूनमधून मला विचारतात, "त्या दिसत नाहीत हल्ली?" नजर मात्र डब्याच्या जागेकडे.

परवा आमच्या चौकात मिठाईचं नवं दुकान उघडलं. दारात दोन उंच, चकचकीत पायऱ्या. मालकाने फीत कापायला कात्री उचलली, आणि गर्दीच्या पायांमधून एक भलंमोठं कोहळं हळूहळू पुढे सरकलं.