नरसामावशीचं खरं गाव

तुमच्या गावात परमुलखातून येऊन म्हातारी झालेली माणसं कुठे राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला ठाऊक होतं. मी त्यांच्यावर पत्रकसुद्धा लिहिलं होतं. म्हणूनच लाज जास्त वाटते.

नरसामावशी बार्शीटाकळीची. विहीर दिसली की ती काठावर ओणवी व्हायची, आत "ओ!" करायची आणि परतलेल्या आवाजावरून पाणी किती खाली गेलं ते सांगायची. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर तेलंगणातून विहिरी खोदायला इकडे आली. तो सुरुंग लावायचा, ती मुरूम वर ओढायची. पुढे विहीर खोदायची शेतकऱ्यांची ऐपत उरली नाही. त्यांच्यासारख्याच विहीर खोदणाऱ्यांच्या वस्तीतली तरणी माणसं हैदराबादला बांधकामांवर गेली. "आमच्या वस्तीत आता पाळणा नाही बापू, निरा काठ्याच काठ्या," मावशी म्हणायची आणि स्वतःच खो खो हसायची.

नवरा गेल्यावर तिला सरकारकडून दरमहा मिळणारा निराधारांचा पगार हवा होता. तो मिळाला तरच ती इथे राहू शकणार होती, नाहीतर निजामाबादचा पुतण्या तिला घेऊन जाणार होता.

"मले नाही जायचं. तिथं कोन वळखते मले?"

अर्ज भरायला मी बसलो. "मावशी, तुमचं खरं गाव कोणतं?"

"काहून रे, खोटं गावबी असते काय?"

"तसं नाही, मूळ गाव."

"इथलंच लिव ना. लोक मले हाका इथंच मारते."

मग मी तिला समजावलं. स्थलांतरितांची ओळख पुसली जाते, माणसानं मुळं विसरू नयेत... सगळं पत्रकातलं. शेवटी ती दमली आणि लग्नात सोडलेल्या, निजामाबादकडच्या गावाचं नाव तिनं सांगितलं. 'कायमचा पत्ता' या रकान्यात मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

अर्ज परत आला. शेरा होता : अर्जदार या राज्याची रहिवासी नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण मी अमरावतीच्या परिषदेच्या तयारीत होतो. परिषदेचा विषय, स्थलांतरितांचे हक्क. "येत्या सोमवारी नक्की," असं मी मावशीला तीनदा सांगितलं. तिसऱ्या सोमवारच्या आधी पुतण्या येऊन ठेपला.

मी स्टँडवर पोचलो तेव्हा ती एसटीत खिडकीशी बसली होती. वाटलं, शिव्या घालील. ती म्हणाली, "तुह्या अक्षरात लय ताकद हाय बापू. तू लिवलं, अन् मले तिथंच धाडलं."

पुतण्या हसला. काय करावं न कळून मीही हसलो. गाडी निघून गेली.

तुम्ही कोणा म्हाताऱ्या माणसाचा अर्ज भरत असाल, तर ज्या गावाला ते आपलं म्हणतील तेच लिहा. आणि तुमच्या हातून आधीच चुकलं असेल, तर उद्या सकाळी त्यांना ऑटोत बसवा आणि स्वतः तहसीलमध्ये घेऊन जा.