बसमध्ये ठरलेले शेवट

माझ्या आईने बरेच सिनेमे पाहिले, पण ज्यात कुणी मरतं अशा एकाही सिनेमाचा शेवट तिने घरी येऊन खरा सांगितला नाही. ही तक्रार नाही. त्या खोटेपणात मीही होते, आणि शेवटी तर सगळ्यांत जास्त मीच होते. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

आम्ही चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा कोळशाच्या वीज केंद्रात शिफ्ट ड्यूटीला होते. पुढच्या खोलीत खिडकीला लागून ताईची खाट होती. खिडकीच्या कठड्यावर रोज केंद्रातून उडालेल्या राखेचा पातळ थर बसायचा आणि ताई पडल्या पडल्या त्यावर बोटाने रेघोट्या ओढायची. तिला सिकलसेल होता. आमच्याकडे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही, तरी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं अशी दुखतात की माणूस अंथरूण दातांनी धरतो. दोष आईबाबा दोघांच्याही रक्तात होता, दोघांनाही माहीत नसलेला. ताईच्या वाट्याला दोघांकडून आला. माझ्या वाट्याला एकाकडूनच आला, म्हणून मी शाळेत गेले, धावले, पावसात भिजले.

ताईला थंडी सोसत नसे, दगदग सोसत नसे, बसचे धक्के सोसत नसत. आठ वर्षांची असताना तिला एकदा चंद्रपूरला टॉकीजमध्ये नेलं होतं. मध्यंतरात पाय दुखायला लागले आणि बाबांनी तिला खांद्यावर टाकून परत आणलं. पडद्यावर पाहिलेला तिचा एकुलता एक सिनेमा अर्धाच राहिला. पण सिनेमाचं वेड होतं ते तिलाच. म्हणून आमच्याकडे रिवाज पडला, की रविवारी जो सिनेमा पाहून येईल त्याने आधी ताईच्या खाटेजवळ बसायचं, चप्पल काढायच्या आत नसलं तरी चहाच्या आधी, आणि पिक्चर सांगायचा.

जाणाऱ्या तिघी ठरलेल्या. आई, शेजारच्या चाची आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. दुपारच्या बसने शहरात जायचं, तीनचा खेळ पाहायचा, भाजीबाजार करून सातच्या आत घरी. मी चौथी, पिशव्या धरायला. चाचींचे यजमान प्लांटमध्ये वेल्डर होते आणि चाची घरी ब्लाउज शिवायच्या, त्यामुळे त्यांचं मत नेहमी कपड्यांपासून सुरू व्हायचं.

“पिच्चर ठीक था,” त्या म्हणायच्या, “पर हिरोईन की बाही देखी क्या? पूरा झोल. मैं होती तो उधेड के रख देती.”

“तुम्हाले बाहीच दिसते,” काकू म्हणायच्या. “सासू पाह्यली का, सासू? आपल्या सुनेले उपाशी ठेवून राह्यली अन् सोता बसून लाडू खाते. मले तर वाटलं पडद्यावर चप्पल फेकावी.”

“मग फेकली काऊन नाई?” ताई विचारायची.

“एकच जोडी हाये ना माय. घरी का अनवाणी येऊ?”

आईचं माप वेगळं. तिचा पदर किती ओला झाला त्यावर सिनेमा चांगला की वाईट ते ठरायचं. कोरड्या पदराने आली की म्हणायची, “काई खास नाई. नुसती ढिशूम ढिशूम.” पदर दोनदा पिळावा लागला, तर तो सिनेमा महिनाभर आमच्या घरात राहायचा.

ताई अकरा-बारा वर्षांची होती तेव्हा डॉक्टरांनी एकदा आईला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं. काय ते आईने कुणालाच सांगितलं नाही. त्यानंतरच्या रविवारी जो सिनेमा पाहिला त्यात नायकाची बहीण आजाराने मरत होती. परतीच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. बस गावाबाहेर पडल्यावर ती एकदम वळली आणि म्हणाली, “घरी सांगू नका ती मेली म्हणून.”

काकूंनी विचारलं, “मग का सांगाचं? पोरगी तर शेवटच विचारते.”

चाचींनी नाक पुसलं. “मरी तो मरी, घर में जिंदाच बोलना. अपन को क्या, पिच्चरवाले थोडी सुनने आ रहे.”

तेव्हापासून तसंच चाललं. परतीच्या अर्ध्या तासात तिघी मिळून शेवट ठरवायच्या. मेलेल्याला जिवंत करायची जबाबदारी आईची. मग लग्न लावलं जायचं, कारण नुसतं जगणं आईला पुरेसं वाटत नसे. लग्नातले कपडे चाचींचे, पंगतीतलं जेवण काकूंचं. मला दटावलेलं असायचं, “तू मधात बोलजो नको.” मी बोलले नाही. कधीकधी एखादा दुवा निसटलेला दिसला की उलट मीच सुचवायचे, की ऑपरेशन मुंबईला झालं म्हणा, नागपूर म्हटलं तर ताई विचारेल कोणत्या दवाखान्यात. मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते. गोष्ट कुठे फाटते ते मला लवकर कळायचं.

मग कॉलनीत केबल आलं. एका शनिवारी दुपारी आई बाजारात गेली होती. ताई आणि मी टीव्हीसमोर होतो, आणि आईने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला एक सिनेमा लागला. एका पोस्टमास्तरची आजारी मुलगी आणि तिच्यावर जीव लावणारा शाळामास्तर. मी टीव्ही बंद करायला उठले तर ताई म्हणाली, “बस ना. हिचं लग्न पाहाचं हाये मले. आईनं का सांगितलं होतं त्या लग्नाचं!”

पोस्टमास्तरची मुलगी मध्यंतराच्या जरा नंतरच मेली. उरलेला सिनेमा शाळामास्तर दाढी वाढवून नदीकाठाने फिरत होता.

ताई आधी हसली. खरंच हसली, छाती दुखेपर्यंत. “अवं, ही तर अर्ध्यातच गेली! मग हिरवा चुडा कोनाच्या हातात भरला माय नं? बुंदी कोनं खाल्ली?”

तिचं हसू हळूहळू थांबलं. तिने कठड्यावरच्या राखेत एक रेघ ओढली, मग हाताने पुसली.

“छोटी, खरं सांग. त्या शिकाऱ्याच्या पिक्चरमधली आंधळी?”

“मेली.”

“ती रेल्वेवाल्याची बहीण?”

“मेली.”

“अन् ते लहान पोरगं, ज्याचं मुंबईले ऑपरेशन झालं?”

मुंबई माझी होती. मी मान हलवली.

ती पंख्याकडे पाहत राहिली. तिला नुसते सिनेमांचे शेवटच कळले नव्हते, हे मलाही समजलं. डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून काय सांगितलं असेल, तेही तिला त्या दुपारी कळलं होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

“आईले सांगू नको,” ती म्हणाली. “तिले सांगू दे तिच्यासारखं. पण तू मले खरं सांगत जा. एक तरी माणूस पाह्यजे खरं सांगणारं. नाई तर मले कसं कळन, माह्यं का चालू हाये ते?”

मी शब्द दिला. तिच्या सगळ्या आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

पुढची पाच वर्षं मी तो शब्द पाळला. रविवारी तिघी येऊन बसमधला शेवट सांगायच्या, ताई ऐकायची. मात्र आता तिला त्यात एक खोडी सापडली होती. चेहरा अगदी गरीब करून ती विचारायची, “चाची, नवरीनं कोणत्या रंगाचं नेसलं होतं?” बसमध्ये रंग ठरलेला नसायचा. चाची गडबडायच्या. “लाल... नहीं, वो गुलाबी जैसा लाल.” मग काकूंकडे वळून, “अन् जेवणात का होतं?” काकू मात्र कधीच अडल्या नाहीत. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. प्रत्येक सिनेमात तेच. सगळं ऐकून झालं की ताई म्हणायची, “चांगलं झालं.” आई समाधानाने चहा टाकायला उठायची. तिघी पांगल्या की ताई माझ्याकडे नुसती भुवई उडवायची आणि मी दोन शब्दांत खरं सांगायचे. मरण सांगताना माझा आवाज कापत नसे. तिला त्याचा आधार वाटायचा, असं ती एकदा म्हणाली होती.

ती बावीस वर्षांची असताना हिवाळ्यात दुखणं छातीत गेलं. चंद्रपूरला दवाखान्यात भरती केलं. मी तेव्हा तिथेच कॉलेजला होते. आई रात्रंदिवस तिच्याजवळ, मी दुपारी डबा घेऊन जायचे. एका दुपारी मैत्रिणींनी ओढून सिनेमाला नेलं. जायला नको होतं. गेले. संपल्यावर तशीच वॉर्डात पोचले.

ताईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. नाकात नळी होती. आई बाहेर नळावर डबा धूत होती. ताईने मला जवळ बोलावलं.

“तुह्या केसाले टॉकीजचा वास येऊन राह्यला,” ती म्हणाली. “सांग.”

मी सांगायला लागले. एक नर्स, तिचा नवरा, नर्सलाच फुप्फुसाचा आजार. मध्ये मध्ये ताई डोळे मिटायची, पण ऐकत होती. शेवटाजवळ आल्यावर मी थांबले.

“मग?”

सिनेमात ती नर्स मेली होती, ज्या वॉर्डात नोकरी केली त्याच वॉर्डात, असल्याच लोखंडी खाटेवर. दोन शब्दांचं काम होतं. मी ते शेकडो वेळा केलं होतं. मी ताईच्या मनगटाकडे पाहिलं, जिथे सलाइन लावायला शीर सापडत नव्हती म्हणून जागोजागी निळं झालं होतं.

“वाचली,” मी म्हणाले.

तिने डोळे उघडले. “कशी वाचली?”

आणि मी बोलत सुटले. परदेशातून डॉक्टर आला, नवं औषध निघालं, तिच्या नवऱ्याने घर विकलं, ती बरी झाली, तिच्या लहान बहिणीचं लग्न तिने उभं राहून लावलं. आईपेक्षा चांगलं सांगितलं. कुठेही फाटू दिलं नाही.

ताई माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने चेहरा गरीब केला, आणि नळीमुळे अडखळत विचारलं, “जेवणात का होतं?”

हा प्रश्न ती मला कधीच विचारत नसे. तो त्या तिघींसाठी होता.

“बुंदी,” मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही.

“चांगलं झालं,” ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

त्यानंतर चार दिवस ती होती. मी रोज जात होते. तिने पाणी मागितलं, उशी सरकवायला सांगितली, बाबांच्या शिफ्टची चौकशी केली. मला मात्र कशाबद्दलही काहीच विचारलं नाही. आपलं काय चालू आहे हे तिला त्या चार दिवसांत कुणाकडून कळलं असेल, मला माहीत नाही. माझ्या एका शब्दातून कळलं असणार. पाच वर्षं खरं बोलणारी बहीण खोटं बोलली म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोण ओळखणार? पण तिने ते माझ्यापाशी बोलून मोकळं व्हावं, अशी जागा मी ठेवली नाही. शेवटच्या चार दिवसांत ती माझ्याशी तशीच वागली जशी त्या तिघींशी वागायची, समजून घेऊन, जरा लांबून.

आई वर्षभर सिनेमाला गेली नाही. मग एका रविवारी चाचींनी हात धरून नेलं. मीही होते. सिनेमात शेवटी एक म्हातारा मरतो. तिघींनी डोळे पुसले. भाजी घेतली. बस निघाली, गावाबाहेर पडली, आणि नेहमीच्या जागी आल्यावर तिघीही एकदम गप्प झाल्या. ठरवायचं काहीच नव्हतं. चाचींनी पिशवीतली मेथी काढून उगीच निवडायला घेतली.

क्वार्टरचे दिवे दिसायला लागल्यावर आईने मला विचारलं, “तिले माहीत होतं का वं? आपण काई बाई सांगतो ते?”

“नाई,” मी म्हणाले. “तिले खरंच वाटे.”

आईने भाजीची पिशवी मांडीवर ओढली. “ते पोस्टमास्तरच्या पोरीचं लग्न मी लय चांगलं लावलं होतं,” ती म्हणाली.

“हो,” मी म्हणाले. बस थांबली. आम्ही पिशव्या घेऊन उतरलो.