नामदेव दोंडाईच्याला उतरला

बोदवड स्टेशनवर आबांनी माझ्या हातात पिशवी दिली, तेव्हा तिच्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या सात भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि माझा एकुलता एक नवा शर्ट होता. शर्टाला ठेच्याचं तेल लागलं आणि सुरतेत पहिले चार महिने मी तो डाग शर्ट आत खोचून लपवला. माय स्टेशनवर आली नव्हती. ती कापूस वेचणीला गेली होती, आणि मला वाटतं, मुद्दामच गेली होती. आबा एवढंच म्हणाले, "पोटाले मिळालं तं पत्र टाकजो. नाही मिळालं तं परत येजो. लाज धरू नको." मी सातवी नापास. नामदेव पास झाला होता, पण त्यालाही पुढे शिकवणारं कोणी नव्हतं. आम्ही दोघं एकाच गल्लीतले, एकाच गाडीत बसलो.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. कारण एक गोष्ट मनात डाचते आहे आणि ती मी अजून फक्त एका बाईला सांगितली आहे.

भुसावळला गाडी बदलून आम्ही सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसलो. दिवस मार्गशीर्षाचे होते. दोंडाईच्याजवळ गाडी सिग्नलला थांबली, आणि फाटकापाशी घोडीच घोडी. पांढऱ्या, काळ्या, कुमैत. पाठीवर रंगीत झुली, गळ्यात घुंगरं. माणसं त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला विकायला नेत होती. माझे आबा गावच्या पाटलांची घोडी सांभाळायचे, त्यामुळे मला घोड्यातलं थोडं कळायचं. मी खिडकीतून नामदेवला सांगत सुटलो, ही पंचकल्याणी, चारही पाय नि तोंड पांढरं, हिचा माथा बघ, त्या काळीचे कान बघ. नामदेव सगळं ऐकून म्हणाला, "रघ्या, म्हातारपणी आपण हितंच उतरू. एक घोडी तुही, एक माही." आम्ही खूप हसलो. चौदा वर्षांच्या पोरांना म्हातारपण म्हणजे विनोदच वाटतो. गाडी सुटली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे तसंच. उधन्याची डाइंग मिल, लिंबायतची चाळ, एका खोलीत नऊ जण, पाळीने झोपायचं. हातांचा रंग रोज बदलायचा. सोमवारी राणी, मंगळवारी मोरपंखी. सुरतेला मी कधी नावं ठेवणार नाही. ज्या मुकादमाने मला गुजराती अक्षरं शिकवली, त्याच्या फोटोला मी आजही हात जोडतो. शेठने माझ्या लग्नात बायकोला, मंगलाला, साडी दिली. मुलगा शिकला, दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. आबांना मी पत्र टाकलं होतं की पोटाला मिळालं. परत जायची वेळ आली नाही. मी भित्रा माणूस, जे मिळालं ते धरून बसलो.

नामदेव मात्र दोंडाईच्याला उतरला. खरोखर उतरला.

दोन वर्षांपूर्वी मिलमधून सुटल्यावर त्याने लिंबायतची खोली विकली आणि दोंडाईच्याच्या पुढे, तापीच्या दक्षिण काठावर, बायकोच्या माहेराजवळ छोट्या गावात घर घेतलं. सुरतेतल्या एका खोलीच्या भावात तिथे त्याला ओटा आला, अंगण आलं, निंबाचं झाड आलं आणि मागे पत्र्याचा तबेला. त्या गावात घरटी घोडं बांधायची जुनी रीत आहे. कोणी लग्नाच्या वरातीला देतो, कोणी नाचायला शिकवतो, कोणी नुसताच मिरवतो. नामदेवने घोडी घेतली. कपाळावर पांढरा टिळा, म्हणून नाव चांदणी. फोनवर रोज फोटो. चांदणी पाणी पिताना. चांदणी पाठमोरी. मी अंगठा उंचावल्याची खूण पाठवायचो आणि फोन उलटा ठेवायचो.

गेल्या मार्गशीर्षात त्याने बोलावलं. शेजारचं घर रिकामं आहे, मालकाला दत्तजयंतीपर्यंत थांबायला सांगितलंय, येऊन बघ तरी. मंगलाने विचारलं, "तुम्हाला घोडी पाहिजे का नामदेवभाऊ पाहिजेत, ते आधी ठरवा." ती येणार नव्हती. नातवंडं इथे, दवाखाना इथे. आणि फ्लॅट विकला तर मुलाचा संसार कुठे न्यायचा? मला हे निघण्याआधीच ठाऊक होतं. तरी गेलो. जे घेता येणार नाही ते बघायला माणूस उगाच का जातो, कोण जाणे.

तिथे माझा जीव रोज थोडा थोडा जळला. नामदेवची ढेरी गेली होती. माझी आली होती. सकाळी तो ओट्यावर बसला की येणारा-जाणारा "राम राम, नाना" म्हणायचा. माझ्या बिल्डिंगमध्ये मला 'तिसऱ्या माळ्यावरचे काका' म्हणतात. त्याला साखर होती, तीही म्हणे आटोक्यात आली. चांदणीला तो तापीवर धुवायला न्यायचा आणि ती त्याच्या खांद्यावर मान टाकून उभी राहायची. सुमनवहिनी, म्हणजे त्याची बायको, मला आग्रह करकरून वाढायची. मी जेवायचो आणि मनात म्हणायचो, 'हितंच उतरू' हे गाडीत माझ्यासमोर बोलला होतास ना, मग अर्धं माझं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो चांदणीला खरारा करत होता. तिच्या डोक्यावर नेहमी डाव्या बाजूने डोळ्याखाली लोंबणारा एक लांब गोंडा बांधलेला असायचा, तो जरा सरकला. डाव्या डोळ्याखाली मला केसांचा भोवरा दिसला. डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात, जनावराच्या डोळ्यातून आसू गळावं तसा तो दिसतो. आबा सांगायचे, "असं जनावर दावणीले नको. घरातलं माणूस रडते." मला ते नामदेवच्या कानात सांगता आलं असतं. खरं म्हणजे न सांगताही चाललं असतं. पण वहिनी पाण्याची कळशी घेऊन तबेल्याच्या दारात आली होती, आणि मी तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "नाम्या, हिला तर आसूढाळ आहे रे!"

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. हे मला माहीत होतं. तेच तर वाईट.

वहिनीने कळशी खाली ठेवली. "हाई घोडी मना दारमा नको," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "यात्रामा ईकी टाका."

नामदेवने गोंडा पुन्हा नीट डोळ्याखाली ओढून घेतला, आणि मला कळलं की त्याला आधीपासून माहीत होतं. नदीवर गेल्यावर तो म्हणाला, "भोवरा व्हता म्हणून तं मले परवडली, रघ्या. चांगल्या खुणेची घोडी आपल्यासारख्याले कोण देते?" त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून आम्ही चांदणीला सारंगखेड्याला नेलं. सगळ्या वाटेने ती मागून त्याच्या खिशाला नाक लावत होती, गुळासाठी. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. व्यापारी आणि मालक रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. हात सुटेपर्यंत तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. एका व्यापाऱ्याने नामदेवचा हात रुमालाखाली घेतला. भोवती माणसं जमली. नामदेव घोडीकडे बघत नव्हता. मला त्याचा चेहरा चौदा वर्षांचा दिसला, भुसावळच्या फलाटावर भाकरी संपल्यावर झाला होता तसा.

मी रुमालाखाली हात घातला आणि नामदेवचा हात बाहेर ओढला.

एकच गलका झाला. "हा कोण रे मधी हात घालणारा?" "ओ काका, दलाली पाहिजे का?" "सुरतेचा दिसतोय, साडी समजला!" व्यापारी तर माझ्या अंगावरच आला. मी हात जोडले, पाया पडलो म्हटलं तरी चालेल, आणि नामदेवला म्हणालो, "थोडा वेळ हिला विकू नको. मी घरी जाऊन येतो."

सहा आसनी रिक्षातून मी गावात परतलो. वहिनी चुलीपुढे होती. मी उभ्यानेच सांगितलं, "वहिनी, भोवरा आहे तो आहे. पण मी तुमच्या भल्यासाठी नाही बोललो. मी जळत होतो. या घरावर, याच्यावर, तुमच्या ओट्यावर."

वहिनीने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "मंग तसं सांगानं व्हतं ना भाऊ. घोडीवर कसाले घालं?"

मी चुलीपाशी खाली बसलो. ती पुढे म्हणाली, "लई आना तिले. पण मनी पोर सुखरूप मोकळी होऊ द्या, मंग बघसूत." आणि माझ्यापुढे ताट ठेवलं.

चांदणी परत आली. शेजारचं घर दत्तजयंतीनंतर धुळ्याच्या देवपुरातल्या एका निवृत्त मास्तरांनी घेतलं. त्यांचाही आता मला हेवा वाटतो, आणि मी त्यांना पाहिलेलंही नाही.

सुरतेला आल्यावर पुढचे दिवस मी फोन जवळ घेऊन बसायचो. त्या पोरीला काही झालं तर माझं वाक्य त्या घरात कायमचं राहणार होतं. मंगलाला वाटायचं, मला घोडीची आठवण येते. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मिलमधल्या जुन्या सोबत्याकडून रेशमी दोरे आणले, राणी आणि मोरपंखी, आणि चांदणीसाठी एक गोंडा वळला. चांगला जाड, डोळ्याखालपर्यंत येईल असा. तो पार्सलने पाठवला.

एका दुपारी वहिनीचा फोन आला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मग म्हणाली, "तुमना गोंडा मोठा व्हई ग्या भाऊ. तिना डोया झाकाये. मी कातरीवरी कापी टाका."

"मग भोवरा?" मी विचारलं.

"दिखस. दिखू द्या. समदास्ले माहीत शे आते."

माझं घर विचाराल तर सुरतेत, तिसऱ्या माळ्यावर, आणि मी तिथे सुखी आहे. बोदवडकडच्या आमच्या घराच्या जागी आता दुसऱ्याची केळी उभी आहे. पण आबांनी "परत येजो, लाज धरू नको" म्हटलं होतं ते आता मला वेगळ्या ठिकाणी लागू पडतं. एक ओटा असा आहे, जिथे माझा हेवा ठाऊक आहे आणि तरी माझ्या नावाची भाकरी थापली जाते. पुढच्या मार्गशीर्षात गाडी दोंडाईच्याला थांबली की मी उतरणार आहे. चार दिवसांसाठी. खिशात गूळ घेऊन.