फिल्टर वाचणारा खुशाल मिस्त्री

हल्ली डिझेल गाडीचा फिल्टर डबाबंद येतो. जुना डबा फिरवून काढायचा, कचऱ्यात टाकायचा, नवा फिरवून बसवायचा. आत काय अडकलं होतं याची चौकशी कुणी करत नाही. मेकॅनिकला वेळ नसतो आणि मालक मोबाइलमध्ये असतो. अशा वेळी मला त्या डब्याची दया येते. आयुष्यभर गाडीची घाण पोटात घेतली, आणि निरोप द्यायला एक माणूस नाही!

मोहाडीच्या खुशाल मिस्त्रीकडे असं नव्हतं. त्याच्याकडे फिल्टर बदलणं हा एक कार्यक्रम असे, आणि तो बघायला माणसं हातातली कामं टाकून येत. ज्यांना कामं नव्हती ती आधीच येऊन बसलेली असत.

तहसील कचेरीच्या रस्त्यावर खुशालचं टिनाचं छप्पर होतं. छपराखाली मिस्त्री, त्याचे पाने, एक बाकडं आणि बाकड्यावर चार रिकामटेकडे. गाडी बाहेर उन्हात. कुणी तक्रार केली तर तो म्हणे, "गाडीले का ऊन लागते?" तुमसरच्या एका राइस मिलमध्ये ऑइल इंजिनाची चाकरी करून तो हे काम शिकला होता. उंच, सुकलेला माणूस. अंगात बनियन. ते मुळात पांढरं असावं, याचा पुरावा फक्त काखेपाशी उरला होता.

त्या काळी फिल्टर म्हणजे एक लोखंडी वाटी आणि तिच्यात बसवलेली घड्याघड्यांच्या कागदाची नळी. टाकीतलं डिझेल त्या कागदातून गाळून इंजिनात जाई आणि कचरा घड्यांत अडकून राही. दुसरे मिस्त्री जुना कागद फेकून देत. खुशाल तो वाचत असे.

आधी वाटीतलं डिझेल तो जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, थाळीत ओती. मग ब्लेडने कागद उभा चिरी, घड्या उलगडून वर्तमानपत्रावर पसरी आणि पंचांग उघडलेल्या भटजीसारखा त्यावर वाके. बोटाने चोळी. नाकाशी नेई. डोळे मिटी. बाकड्यावरचे चौघे श्वास रोखून बसत.

"गोपीचंद," एकदा तो एका ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला, "तुहा डिझेलचा ड्रम धानाच्या कोठीजवळ ठेवला आहे."

"तुमाले कसं समजलं जी?"

"कोंडा निघाला. अन् झाकण लावत नाही तू."

गोपीचंदने कानाला हात लावला. दुसऱ्या कुणाच्या कागदावरून त्याने ओळखलं की गाडीत रॉकेल पडलं आहे. तिसऱ्याच्या कागदावरच्या मातीवरून सांगितलं की, मोठ्या भावाला न विचारता धाकट्याने ट्रॅक्टर सासरी नेला होता. मोठा भाऊ शेजारीच उभा होता. पुढे पंचायत बसवावी लागली.

आता खरं सांगायचं तर ही विद्या निम्मी फिल्टरातली होती आणि निम्मी समोरच्या चहाच्या टपरीवरची. कुणाचा ट्रॅक्टर कुठे गेला हे खुशालला गाडी यायच्या आधीच कळलेलं असे. पण माणूस कागदावर असा वाकायचा, की टपरीवर स्वतः ही बातमी सांगणारा इसमसुद्धा थक्क होई. मोहाडीत म्हणच पडली होती, फिल्टर खोटं बोलत नाही. खुशालने ती कधी खोडून काढली नाही.

मग एकोणऐंशी साल आलं. डिझेलची टंचाई सुरू झाली. अर्ज करा, परमिट आणा, मिळेल तेव्हा ड्रम भरून घरात ठेवा. त्या ड्रमांत गंज, पाणी, चिलटं, सगळं नांदत असे. फिल्टर महिन्या-महिन्याला तुंबू लागले आणि मिस्त्रीचे दिवस पालटले.

अशाच एका बाजाराच्या दिवशी केशवराव मालगुजारांची जीप बैलजोडीने ओढत त्याच्या छपरापाशी आणली. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. तलाव सरकारकडे गेले होते, जमीन भावाभावांत गेली होती. केशवरावांकडे उरली होती ती पदवी आणि ही जुनी जीप. जीप मुळात पेट्रोलची, पण डिझेल इंजिन बसवल्यापासून ती घरातल्या म्हाताऱ्यासारखी खोकत खोकत चालत होती.

स्टीयरिंगवर ड्रायव्हर भैय्यालाल होता. मूळचा साकोलीकडच्या एकोडीचा. नऊ वर्षं मालगुजारांकडे. वाड्यामागच्या खोलीत बायको सुमनबाई आणि दोन पोरी घेऊन राहायचा. माणूस इतका आज्ञाधारक, की वळणावर हॉर्न वाजव असं सांगितलं होतं म्हणून रिकाम्या अंगणात गाडी वळवतानाही वाजवायचा. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरला होता.

केशवराव उतरले. त्यांच्या मागून दिवाणजी परसराम उतरला.

"मिस्त्री," केशवराव सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे म्हणाले, "चार दिवसांत तीन डाव गाडी बंद पडली. परसराम म्हणते, डायवर डिझेल विकून राहिला अन् ड्रमात पाणी टाकून राहिला. खोल फिल्टर. वाच. तू चोर म्हणशीन तं आजच्या आज याची खोली खाली."

"मालक, मी एक थेंब..." भैय्यालाल म्हणाला.

"तू चूप राह्य. फिल्टर बोलन."

बातमी बाजारात पसरली. वांगी-टमाटर सोडून माणसं गोळा झाली. मिस्त्रीची बायको बेबीबाई नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती, तीही डबा कमरेवर टेकवून उभी राहिली.

खुशालने सतरा नंबरच्या पान्याने मधला बोल्ट ढिला केला, वाटी खाली घेतली आणि थाळीत ओतली. डिझेलच्या तळाशी पाण्याचे टपोरे थेंब शाबुदाण्यासारखे गडगडत फिरू लागले.

"पाणी!" गर्दीतून आवाज आला.

"म्या का म्हणलं होतं?" परसराम म्हणाला.

भैय्यालाल जीपच्या चाकाला टेकून खाली बसला. हळूच म्हणाला, "मिस्त्री, सुमनले काय सांगू मी?"

खुशालने कागद चिरला, घड्या उलगडल्या. घड्यांत नुसता गाळ नव्हता. बारीक बारीक सूत अडकलं होतं. त्याने ते बोटावर घेऊन चोळलं. काळपटपणा निघून गेला आणि खाली रंग दिसला. जांभळा.

मिस्त्रीने डोळे मिटले. या वेळी ते सवयीने मिटलेले नव्हते.

ते जांभळं सूत तो दहा वर्षं ओळखत होता. बेबीबाईच्या माहेरचं लुगडं, पिवळ्या काठाचं. टंचाई सुरू झाली तेव्हा खुशालने सगळ्या गिऱ्हाइकांना सल्ला दिला होता की ड्रममधलं डिझेल सुती कापड तिहेरी करून गाळून घ्या. कापड नवं नको, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. बाकीच्यांना त्याने नुसता सल्ला दिला. मालगुजार हे मोठं गिऱ्हाईक, म्हणून त्यांना कापडही दिलं. तेव्हापासून जीपचा फिल्टर उघडायची वेळ आली नव्हती. घरात सगळ्यात मऊ काय, हे त्याने दोरीवर हात फिरवून पाहिलं होतं.

बेबीबाईने ते लुगडं पुढे दोन दिवस शोधलं. खुशालनेही शोधलं. खाटेखाली पाहिलं, विहिरीवर पाहिलं, धानाच्या तणसाच्या ढिगात तर त्याने अशा तळमळीने हात घातला की बेबीबाईचं मन भरून आलं. शेवटी संशय गेला शेजारच्या सुलोचनाबाईवर, कारण दोघींची कपडे वाळवायची दोरी एकच होती. सात महिने झाले, दोन घरांत बोलणं बंद होतं. दोऱ्यासुद्धा दोन झाल्या होत्या.

आणि आता ते लुगडं थाळीत येऊन बसलं होतं, आणि बेबीबाई चार पावलांवर उभी होती.

"भैय्यालाल," मिस्त्रीने विचारलं, "मी देल्लेलं कापड कुठी आहे?"

"ड्रमावरच आहे जी. तुम्ही म्हणलं होतं रोज धू, तं रोज धुतो."

"कायनं?"

"पाण्यानं. विहिरीवर. साबण लावून."

"वाळवतं का मंग?"

भैय्यालाल म्हणाला, "वाळवाचं तुम्ही सांगतलं नव्हतं. पण पिळतो ना जी चांगलं!"

खुशाल स्टुलावर बसला. नऊ वर्षं सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करणाऱ्या माणसाला त्याने अर्धीच गोष्ट सांगितली होती. असलं कापड डिझेलमध्येच खळबळून काढायचं असतं, पाण्याला दाखवायचंही नसतं. तुमसरला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वेगळं सांगावं असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. रोज सकाळी ते धुऊन धुऊन विरलेलं ओलं कापड ड्रमाच्या तोंडावर बसत होतं आणि डिझेलबरोबर पाणी आणि सूत दोन्ही आत जात होतं.

"हे दोघं ठरवून बोलून राहिले मालक," परसराम म्हणाला. "कापड म्हणे! ड्रमावर कापड आहे तं ते याचंच असन. सूत कोणाचं, पाणी कोणाचं, कोणी पाहिलं?"

केशवरावांनी भुवया वर केल्या. "मिस्त्री, बोल. कोणाचं कापड आहे ते?"

आता गप्प राहणं सोपं होतं. खुशालने नुसतं "पाणी आहे बुवा" म्हटलं असतं तरी त्याचं नाव शाबूत राहिलं असतं, घरात भाकर मिळाली असती, आणि भैय्यालाल दोन पोरींना घेऊन एकोडीच्या रस्त्याला लागला असता. मिस्त्रीने एकदा चाकापाशी बसलेल्या माणसाकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. बायकोकडे पाहायला त्याला जास्त धैर्य लागलं असावं. मग तो उठला आणि बोटावरचं सूत वर धरून म्हणाला,

"हे माह्या घरचं आहे. बेबीचं जांभळं लुगडं. मीच दोरीवरून काढलं, मीच याले देल्लं. रोज धू म्हणून मीच सांगतलं, कायनं धू ते सांगाचं राहिलं. पाणी याच्या चोरीचं नाही मालक. माह्या अकलेचं आहे."

बेबीबाईने डबा खाली ठेवला.

"अजी, तुम्ही माह्यासंग दोन दिवस लुगडं शोधलं!"

"शोधलं."

"तणसात शोधलं!"

"तणसात बी शोधलं."

"मी सुलोचनाबाईले चोट्टी म्हणलं, तवा तुम्ही हो म्हणलं!"

"हळूच म्हणलं," मिस्त्री म्हणाला.

पहिले हसले ते केशवराव. पोट धरून हसले. "परसराम, तुले चोर पाहिजे होता ना? घे, सापडला!" मग सगळा बाजार हसला. चाकापाशी बसलेला भैय्यालाल तेवढा हसत नव्हता. तो गमछ्याने डोळे पुसत होता आणि गमछा डिझेलचा असल्यामुळे डोळे आणखी वाहत होते.

खुशालने वाटी स्वच्छ डिझेलने धुतली, नवा कागद बसवला, नवं रबरी वायसर घातलं, बोल्ट आवळला. आता राहिलं होतं आतली हवा काढायचं काम. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन सुरू होत नाही. वरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहायचं आणि बुडबुडे संपले की स्क्रू आवळायचा. मिस्त्रीने पंपाकडे बोट दाखवलं.

"दाबा मालक. माह्या हातानं बहुत घोळ झाला. अन् परसरामले सांगू नका, तो बुडबुड्यातबी चोर पाह्यन."

धोतर सावरत केशवराव मालगुजार बोनेटवर वाकले. भैय्यालाल स्क्रूकडे पाहत उभा राहिला.

"अजून येऊन राहिले मालक. दाबा."

केशवरावांनी दाबलं.

"अजून."

"अबे, किती?"

"थांबू नका मालक, नाही तं पुन्हा पहिलेपासून."

मालगुजारांच्या कपाळावरून घाम गळू लागला तेव्हा भैय्यालालने स्क्रू आवळला. सेल्फ मारला. जीप दोनदा खोकली आणि चालू झाली. केशवरावांनी हात धोतराला पुसले आणि बाजूच्या सीटवर जाऊन बसले. परसरामला मागे बसावं लागलं. भैय्यालाल स्टीयरिंगवर बसून वाट पाहत होता.

"का पाहतं? चाल घरी," केशवराव म्हणाले. "सुमनबाई दारात उभी असन."

त्यानंतर मिस्त्रीची विद्या थोडी बदलली. कागद तो चिरत राहिला, पण लोकांसमोर निकाल देणं त्याने बंद केलं. गिऱ्हाइकं हिरमुसली. "का निघालं मिस्त्री, सांगा ना," असं बाकड्यावरून कुणी म्हटलंच तर तो म्हणे, "घाण निघाली. घाण नसती तं तू आला असता का इथं?" सत्त्याऐंशीच्या सुमारास मोहाडीत दुसरं वर्कशॉप निघालं, तिथे हवा भरायचं मशीन होतं आणि गाडीसुद्धा सावलीत उभी राहायची. तरी भैय्यालाल ती जीप विकली जाईपर्यंत खुशालकडेच आणत असे. आता ते छप्पर नाही, जीप नाही आणि कुणाच्या गाडीत काय अडकलं याची काळजी करत बसणारं ते बाकडंही नाही.

पण त्या दिवसाची गोष्ट बाजार उठल्यावर संपली नव्हती. संध्याकाळी बेबीबाई नवऱ्याला पुढे घालून सुलोचनाबाईच्या दारात घेऊन गेली. मिस्त्रीने बनियन बदललं होतं. सुलोचनाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"कायले आले भाऊजी?"

मिस्त्री बायकोच्या मागे सरकला. शेवटी बेबीबाईच म्हणाली, "बाई, लुगडं यायनंच नेलं होतं. मी तुले उगाच बोलली."

सुलोचनाबाईने सूप बाजूला ठेवलं. "मले माहीत आहे. मी दोरीवरून काढताना पाह्यलं होतं ना यायले."

"बाप्पा! मंग सांगतलं काहून नाही वं?"

"तू इचारलं कुठं? तू तं सरळ भांडालेच लागली."

मग दोघी चुलीपाशी बसल्या आणि सात महिन्यांचं बोलणं काढलं. चहा झाला. बेबीबाईला दोन कप मिळाले. मिस्त्रीला ओसरीवर मिळाला, सगळ्यात शेवटी, आणि न गाळता. त्याने चहापत्ती दातांनी अडवत तो सगळा प्यायला.