मंगळावरच्या कोरड्या नद्या

त्या सोमवारी परभणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की यांची नजर जाणार. आम्ही रिक्षाने घरी आलो. मी चहा केला.

हे कॉलेजात भूगोल शिकवत आणि मंगळाच्या पृष्ठभागावर पीएच.डी. करत. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने घेतलेल्या छायाचित्रांच्या प्रती मार्गदर्शकांनी मिळवून दिल्या होत्या. त्यांत केव्हाच आटून गेलेल्या नद्यांची पात्रं होती. ती नकाशावर उतरवून, पाणी कुठून आलं असेल ते मांडायचं होतं. नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ वरचेवर बंद पडे, त्यात काही वर्षं गेली. आता डोळ्यांनी मुदत घातली.

गावाकडून, बोरीहून सासूबाई आल्या की म्हणत, “इथं आपली नदी आटायलीय, अन् तू तिकडच्या आटलेल्या धुंडायलास. एखादी भरलेली तरी बघ की रे!” हे हसत.

नजर गेल्यावर मी शाळेत शिकवून आले की छायाचित्र पाहून वर्णन करायची. ते मजकूर सांगत, मी लिहून घेई. त्यांची एक शिस्त होती. चित्रात ऊन ज्या बाजूने पडलंय, ती बाजू खिडकीकडे करायची, मगच बघायचं; नाहीतर सावल्या फसवतात, खोल ते उंच दिसतं. एकदा मी विसरले.

“अहो, नदी टेकडीवर जाऊन थांबलीय.”

“फोटो फिरवा, बाईसाहेब. खड्डा आहे तो. नद्या टेकड्या चढायला लागल्या तर मला विषय बदलावा लागेल.”

फिरवला. टेकडीचा खड्डा झाला. दिसत नसूनही त्यांना दिसतं, यावरच माझी सारी भिस्त होती.

मग एका दुपारी ते सांगू लागले, डावीकडून एक उपनदी येते, मिळते तिथे वाळूची जीभ आहे. मी भिंग लावून शोधली.

“इथं उपनदी नाही हो.”

“नीट बघ. वरच्या अंगाला दरड आहे.”

“नाही.”

“मग ती बोरीची,” ते म्हणाले. “आमच्या मळ्याखालची.”

आधीच्या पानांत किती बोरी उतरली असेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुन्हा तपासू.

“कशानं? बघतेस तू, पण ओळखतो मी.”

त्यानंतर त्यांनी एक ओळही सांगितली नाही. छायाचित्रं कपाटातून काढू का, असं मी विचारायची. तेही पुढे सोडलं. दोन उन्हाळ्यांनी ते गेले.

प्रबंध अपुरा राहिला. छायाचित्रं कपाटात आहेत, आणि घरात मी आहे.