एक मोबाइल, एक माणूस

भाग्यश्री चौगुले माझ्या समोरच्या घरात राहते आणि सांगलीतल्या दुकानदारांच्या, व्यापाऱ्यांच्या वेबसाइट तयार करते. माझं सगळं आयुष्य पतसंस्थेच्या हिशेबात गेलं, त्यामुळे नीटनेटक्या माणसाचं मला आधीपासून कौतुक. पुन्हा पुन्हा लागणारे कोडचे छोटे तुकडे तिने लॅपटॉपवर वेगवेगळे साठवून ठेवलेत. त्यांना ती डबे म्हणते. प्रत्येक डब्याला मराठी नाव आहे: ‘तारीख सरळ करणे’, ‘नावापुढची रिकामी जागा झाडणे’, ‘दुबार नोंद काढणे’. बेदाण्याचा व्यापारी येवो की दवाखाना, ती हवा तो डबा उघडते, दोन ओळी बदलते आणि काम पुढे सरकतं.

“दर वेळी नव्याने लिहीत नाहीस?” मी एकदा विचारलं.

“काका, तुम्ही दर वेळी व्याजाचं सूत्र नव्याने शोधता का?”



यंदा समाजाच्या वधू-वर मेळाव्याची नोंदणी ऑनलाइन झाली. काम भाग्यश्रीकडे, देखरेख माझ्याकडे. लोक एकच फॉर्म दोन-तीनदा भरतात, म्हणून तिने ‘दुबार नोंद काढणे’ हा डबा वापरला. एका मोबाइल नंबरची शेवटची नोंद तेवढी ठेवायची, बाकीच्या काढायच्या. यादी अशी स्वच्छ झाली की मलाच समाधान वाटलं.

मेळाव्यात पडद्यावर नाव आलं की तो मुलगा मंचावर जाऊन ओळख करून देत होता. यादी संपत आली तेव्हा तासगावचे मदन मगदूम आमच्या टेबलापाशी आले. मागे त्यांचा पुतण्या जिनेश, कडक इस्त्रीच्या शर्टात, पण चेहरा पार उतरलेला. द्राक्षबाग करणाऱ्या मुलाला हल्ली स्थळ मिळत नाही. जिनेशचा हा तिसरा मेळावा होता आणि यानंतर येणार नाही, असं तो घरी सांगूनच निघाला होता.

“आवं ताई, आमचा जिनेश कुठं गेला? भरतेशचं नाव आलं, ह्येचं न्हाई!”

“भरतेश कोण?”

“धाकट्या भावाचा पोरगा.”

भाग्यश्रीने शोधलं आणि मगदूमांकडे पाहिलं. “काका, दोघांनाही तुमचाच नंबर?”

“मग? लग्नाचं बोलणं मीच करणार. पोरांच्या फोनवर कोण बोलतंय व्हय?”

भाग्यश्रीने कपाळाला हात लावला. तिच्या डब्याला एकत्र कुटुंब माहीतच नव्हतं.

“मूळ नोंदी आहेत ना?” मी घाईने विचारलं.

“आहेत. ‘आधी मूळ प्रत’ हा पहिला डबा.”

तिने मोबाइलच्या जोडीला नाव आणि जन्मतारीख घातली आणि यादी पुन्हा काढली. जिनेश परत आला. त्याच्या मागोमाग आणखी बरेच जण आले, सगळे कुठल्या ना कुठल्या काकांच्या नंबरवरचे. नावं पडद्यावर आली आणि मी माइकवरून कारण सांगताच सभागृहात हशा पिकला.

जिनेश मंचावर गेला. “माझी द्राक्षबाग आहे. मी तासगाव सोडणार नाही. स्वयंपाकातला फक्त चहा येतो.”

मुलींच्या रांगेतून कडेगावची प्रांजल उठली. “साखर किती घालता?”

“पिणाऱ्याला विचारून.”

टाळ्या पडल्या. प्रांजल हसत खाली बसली.

जेवणाच्या रांगेत तिचे वडील मदनकाकांकडे आले आणि त्यांनी फोन नंबर मागितला. काका सवयीने आपला नंबर सांगू लागले. तेवढ्यात त्यांचं लक्ष भाग्यश्रीकडे गेलं. ती ताट हातात धरून त्यांच्याकडेच बघत होती.

“जिनेश,” काका म्हणाले, “तुझा सांग रं.”

जिनेशने तोंड उघडलं, पण घाबरून त्याला स्वतःचाच नंबर आठवेना. शेवटी तो भरतेशने सांगितला.